विश्लेषण : प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करणारे नील्स फिन्सेन कोण होते? प्रकाशाने जखमा खरेच भरतात का?

काविळीने पिवळ्या पडलेल्या नवजात बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवले जाते, हे अनेकांनी पाहिलेले असते. सोरायसिसच्या रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक अतिनील प्रकाशात काही मिनिटे उभे करतात. दुसरीकडे ऑनलाइन बाजारात लाल दिव्यांचे मुखवटे, पट्टे आणि टोप्या सुरकुत्यांपासून गुडघेदुखीपर्यंत आणि केसगळतीपासून जखमांपर्यंत सगळ्यांवर उपाय म्हणून विकल्या जात आहेत. यातले विज्ञान किती आणि जाहिरात किती, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये जावे लागते. तिथे स्वतः असाध्य आजाराने खंगत चाललेल्या एका डॉक्टरने प्रकाशाचे औषध केले. १९०३ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव नील्स रायबर्ग फिन्सेन.

नील्स फिन्सेन कोण होते?

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरील टोर्शाव्हन या गावात झाला. उत्तर अटलांटिक महासागरातली ही बेटे डेन्मार्कच्या अखत्यारीत येतात. घराणे मूळचे आइसलँडचे. वडील सरकारी अधिकारी होते आणि पुढे त्याच बेटांचे प्रशासकीय प्रमुख झाले. नील्स चार वर्षांचे असताना आई वारली.

शाळेत त्यांची चमक दिसली नाही. डेन्मार्कमधल्या निवासी शाळेत त्यांच्याबद्दलचा शेरा चांगला नव्हता, म्हणून वडिलांनी त्यांना आइसलँडला, रेक्याविकच्या शाळेत धाडले. १८८२ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी ते तिथून उत्तीर्ण झाले तेव्हा १५ जणांच्या वर्गात त्यांचा क्रमांक ११वा होता. त्याच वर्षी ते वैद्यकशास्त्र शिकायला कोपनहेगनला आले आणि १८९० मध्ये डॉक्टर झाले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बालपणाने त्यांना दिली होती. टोर्शाव्हन आणि रेक्याविक ही दोन्ही ठिकाणे इतकी उत्तरेला आहेत की ऐन हिवाळ्यात दिवसाचा उजेड जेमतेम चार-पाच तास असतो आणि उन्हाळ्यात रात्रही पुरती काळोखी होत नाही. वर्षभर ऊन असणाऱ्या प्रदेशात सूर्य गृहीत धरला जातो. तिथे त्याची वाट पाहिली जाते.

प्रकाशाकडे त्यांचे लक्ष कसे वळले?

याचे उत्तर त्यांच्या आजारात आहे. वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच त्यांची तब्येत ढासळू लागली. यकृत, हृदय आणि प्लीहा यांच्याभोवतीची आवरणे हळूहळू जाड आणि कडक होत जाण्याचा हा विकार होता. त्याने अशक्तपणा येई, थकवा येई आणि पुढे पोटात पाणी साचू लागले. त्या काळात त्यावर काहीही इलाज नव्हता.

विद्यार्थिदशेत ते राहत असलेल्या खोलीचे तोंड उत्तरेला होते, त्यामुळे तिथे ऊन येत नसे. आपल्याला उन्हात बसल्यावर बरे वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. पण वैद्यकाच्या पुस्तकांत याचे कारण सापडेना. एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. खिडकीतून त्यांना समोरच्या छपरावर ऊन खात पडलेले मांजर दिसले. सावली जवळ सरकली की मांजर उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. प्राण्याला ऊन हवे असते, तर त्याचा शरीरावर काहीतरी उपयोग असलाच पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

असे विचार अनेकांच्या मनात येतात. फिन्सेन यांनी तो मोजून पाहायचे ठरवले. शरीररचनाशास्त्र विभागातली विच्छेदकाची नोकरी त्यांनी १८९३ मध्ये सोडली आणि विद्यार्थ्यांच्या खासगी शिकवण्यांवर गुजराण करत संशोधनाला वेळ दिला. त्याआधी काही महिने, १८९२च्या अखेरीस, इंगेबोर्ग बाल्सलेव्ह यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. नवा संसार, बिघडती तब्येत आणि बेभरवशाचे उत्पन्न अशा स्थितीत घेतलेला हा निर्णय होता.

हातावरच्या शाईचा प्रयोग काय होता?

उन्हाने त्वचा भाजते ती उष्णतेमुळे, असा समज तेव्हा सर्वसाधारण होता. फिन्सेन यांनी स्वतःच्या हातावर शाईचा जाड पट्टा ओढला आणि तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. काही तासांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची त्वचा लाल होऊन सुजली. शाई पुसल्यावर तिच्याखालची त्वचा मात्र पांढरी आणि निरोगी होती. काळी शाई उष्णता तर शोषून घेते, तरीही तिच्याखालच्या त्वचेला काही झाले नव्हते. म्हणजे इजा करणारी गोष्ट उष्णता नसून प्रकाशातलेच काही किरण होते.

काही दिवसांनी लाली ओसरली आणि उघड्या त्वचेवर काळसर रंग चढला. आता फिन्सेन यांनी तोच हात शाईशिवाय पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटे झाले. आधी शाईखाली वाचलेला पांढरा पट्टा लाल झाला आणि रापलेली त्वचा फक्त थोडी आणखी काळवंडली. प्रकाशाचा मारा झाल्यावर पेशी स्वतःच्या बचावासाठी रंगद्रव्य तयार करतात आणि पुढच्या वेळी तेच छत्रीसारखे काम करते, हे एका हातावर दिसून आले.

प्राण्यांवरही त्यांनी निरीक्षणे केली. लाल आणि निळ्या काचा लावलेल्या पेटीत गांडुळे व कीटक सोडले असता ते निळ्या भागातून लाल भागाकडे सरकत. सॅलमँडरच्या अंड्यातील गर्भ निळा प्रकाश पडला की हालचाल करत. वर्णपटाच्या निळ्या, जांभळ्या आणि अतिनील टोकाचे किरण सजीवांवर अधिक तीव्र परिणाम करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फोटोची काच काळी करणाऱ्या या किरणांना त्या काळी रासायनिक किरण म्हणत.

देवीच्या रुग्णांसाठी लाल खोली कशासाठी?

फिन्सेन यांचा पहिला उपचार प्रकाश देण्याचा नव्हता. तो प्रकाश अडवण्याचा होता. देवीच्या साथीत रुग्ण वाचला तरी चेहऱ्यावर व्रण उरत, आणि ते उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यावर व हातांवर अधिक खोल असत. यामागे रासायनिक किरणांचा हात असावा, असा तर्क करून १८९३ मध्ये त्यांनी सुचवले की देवीच्या रुग्णांना लाल काचांच्या किंवा जाड लाल पडद्यांच्या खोलीत ठेवावे. फोटो धुण्याच्या खोलीत फिल्म सुरक्षित राहते, तशी त्वचाही राहील. त्याच वर्षी नॉर्वेतल्या बर्गन शहरात साथ आली असता तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत वापरली आणि फोडांत पू कमी झाल्याचे, व्रण कमी राहिल्याचे कळवले. फिन्सेन हे नाव युरोपभर पोहोचले.

पुढच्या चाचण्यांत मात्र हा दावा टिकला नाही आणि लाल खोल्या मागे पडल्या. पण या कामातून एक प्रश्न उभा राहिला होता. जे किरण निरोगी त्वचेला भाजू शकतात, त्यांचा वापर रोगजंतूंवर करता येईल का? सूर्यप्रकाशात जिवाणू मरतात, हे १८७७ मध्ये इंग्लंडमधले डाउन्स आणि ब्लंट यांनी दाखवले होते. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधला होता. फिन्सेन यांनी या दोन गोष्टी एका तिसऱ्या ठिकाणी जोडल्या. ते ठिकाण म्हणजे त्वचेचा क्षय.

ल्युपस व्हल्गॅरिस हा आजार काय आहे?

क्षयाचा जिवाणू फुप्फुसांप्रमाणे त्वचेतही घर करतो. ल्युपस व्हल्गॅरिस हा त्याचाच एक प्रकार. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा. लांडग्याने लचके तोडावेत तसा हा रोग चेहरा खातो, अशा कल्पनेतून हे नाव पडले. सुरुवातीला नाक, गाल किंवा कानावर लहान तपकिरी गाठी येतात. वर्षानुवर्षे त्या पसरतात, फुटतात, व्रण धरतात. नाकाची कूर्चा झिजून जाते, पापण्या आणि ओठ ओढले जातात. रुग्ण लगेच मरत नाही. बिघडलेला चेहरा घेऊन तो दहा, वीस, तीस वर्षे जगतो.

एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर युरोपात हा रोग सर्रास आढळे. अशा माणसाला काम मिळत नसे, लग्न होत नसे आणि लोक त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. उपचार म्हणजे गाठी खरवडणे, तापलेल्या सळईने डागणे किंवा दाहक रसायनाने जाळणे. त्याने वेदना होत, नवे व्रण उरत आणि रोग बहुधा परत येई.

पहिला रुग्ण कसा बरा झाला?

१८९५च्या नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनमधला एक अभियंता फिन्सेन यांच्या उपचाराखाली आला. त्याच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांपासून ल्युपस होता आणि तेव्हाचे सगळे उपाय करून झाले होते. हिवाळ्यात कोपनहेगनचा सूर्य क्षितिजाजवळच असतो, त्यामुळे उन्हावर भिस्त ठेवून चालणार नव्हते. फिन्सेन यांनी शहराच्या वीज केंद्रातला कार्बन आर्क दिवा वापरायचे ठरवले. दोन कार्बन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवणारा हा दिवा अतिशय प्रखर असे आणि त्यात निळे, जांभळे किरण भरपूर असत.

रोज सुमारे दोन तास भिंगांतून एकवटलेला प्रकाश त्या रुग्णाच्या चेहऱ्यावर सोडला जाऊ लागला. काही दिवसांतच फरक दिसला. काही महिन्यांत जखमा भरून आल्या. रोगट भागावर नवी त्वचा आली आणि डागल्यावर राहतो तसा जाड व्रण तिथे राहिला नाही. ज्या उपचारासाठी अजून रुग्णालयही नव्हते, त्याने वर्षानुवर्षांचा रोग हटवला होता.

फिन्सेन दिवा नेमका कसा चाले?

या यशामागे तीन अडचणींची उत्तरे होती. पहिली अडचण उष्णतेची. आर्क दिव्याचा प्रकाश भिंगाने एकवटला तर त्वचा भाजून निघेल. म्हणून प्रकाशाच्या वाटेत पाण्याचा थर ठेवला. पाणी उष्णतेचे किरण शोषून घेते आणि निळे किरण जाऊ देते. सुरुवातीच्या भिंगांमध्ये निळ्या रंगाचे रासायनिक द्रावणही भरले जाई.

दुसरी अडचण काचेची. साधी काच अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात अडवते. त्यामुळे पुढच्या उपकरणांत नैसर्गिक स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची भिंगे आली.

तिसरी अडचण सर्वांत अनपेक्षित होती, ती रक्ताची. फिन्सेन यांनी माणसाच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवून पुढून प्रकाश टाकला. कागदावर परिणाम झाला नाही. मग पाळी दोन काचांमध्ये दाबून तिच्यातले रक्त बाजूला सारले आणि पुन्हा प्रकाश टाकला. या वेळी कागद काही सेकंदांत काळा पडला. रक्त निळे किरण पिऊन टाकते, तेव्हा प्रकाश खोलवर न्यायचा तर रक्त हटवले पाहिजे, हे यातून कळले. त्यासाठी त्यांनी स्फटिकाची एक पोकळ चकती बनवली. तिच्यातून थंड पाणी खेळते ठेवायचे आणि ती रुग्णाच्या त्वचेवर दाबून धरायची. त्वचा थंड राही, रक्त बाजूला होई आणि प्रकाश आत पोहोचे.

पूर्ण विकसित फिन्सेन दिव्यात मध्यभागी आर्क दिवा टांगलेला असे आणि त्याच्याभोवती दुर्बिणीसारख्या चार नळ्या तिरप्या खाली येत. प्रत्येक नळीखाली एक रुग्ण पडलेला असे आणि त्याच्याजवळ गडद चष्मा घातलेली एक परिचारिका तासाभर ती चकती हाताने दाबून बसे. एका बैठकीत एखाद्या नाण्याएवढ्याच जागेवर उपचार होई. दुसऱ्या दिवशी तिथे सूज आणि फोड येई, मग खपली धरून जागा बरी होई. चेहराभर पसरलेल्या रोगाला महिने लागत, कधी वर्षाहून अधिक. या उपचाराचे खरे मोल परिचारिकांच्या तासन्तासांच्या श्रमात होते. जुन्या छायाचित्रांत दिव्याभोवती बसलेल्या त्याच दिसतात.

संस्था कशी उभी राहिली?

१८९६ मध्ये कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. हागेमान आणि योर्गेनसेन या दोन उद्योजकांनी तिला आर्थिक बळ दिले, पुढे सरकारी मदतही मिळाली. १९०१ पर्यंत तिथे ल्युपसच्या सुमारे ८०० रुग्णांवर उपचार झाले. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे झाल्याची नोंद आहे. ज्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही, असे रुग्ण फार थोडे होते.

मूळच्या डॅनिश राजकन्या आणि पुढे ब्रिटनच्या राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलला फिन्सेन दिवा मिळवून दिला. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या इतर शहरांतही असे विभाग निघाले. पण एका रुग्णामागे एक परिचारिका, प्रचंड वीज आणि महागडी स्फटिकाची भिंगे हा खर्च सगळ्यांना परवडणारा नव्हता. पुढे फिन्सेन यांचे सहकारी आक्सेल रेन यांनी एका रुग्णापुरता लहान दिवा तयार केला.

नोबेल मिळाले तेव्हा त्यांची अवस्था काय होती?

१९०३चे वैद्यकशास्त्राचे नोबेल फिन्सेन यांना जाहीर झाले. एकवटलेल्या प्रकाशाने रोगांवर, विशेषतः ल्युपस व्हल्गॅरिसवर केलेल्या उपचारांसाठी हा सन्मान होता. वैद्यकाचा हा तिसराच नोबेल. आधीच्या वर्षी तो भारतात मलेरियावर काम केलेल्या रोनाल्ड रॉस यांना मिळाला होता. कोणतेही नोबेल मिळवणारे फिन्सेन हे पहिले डॅनिश नागरिक.

पुरस्कार घ्यायला ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. तोपर्यंत ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. पोटात साचलेले पाणी वारंवार काढावे लागत होते. दिवसातून थोडाच वेळ काम करण्याची ताकद उरली होती. पुरस्काराच्या रकमेतला मोठा भाग त्यांनी आपली प्रकाश संस्था आणि हृदय व यकृताच्या रुग्णांसाठी काढलेले आरोग्यधाम यांना देऊन टाकला.

शेवटच्या काळात त्यांनी स्वतःच्याच शरीराचा प्रयोग मांडला. काय खाल्ले, किती पाणी प्यायले, किती मीठ पोटात गेले आणि किती बाहेर पडले, याच्या काटेकोर नोंदी ते महिनोन्महिने ठेवत राहिले. शरीरात मीठ साठण्याचा आणि पाणी साचण्याचा संबंध तपासणारा त्यांचा शेवटचा निबंध १९०४ मधला आहे. २४ सप्टेंबर १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर आपल्या देहाची चिकित्सा व्हावी, ही त्यांचीच इच्छा होती. ज्या प्रकाशाने शेकडो लोकांना त्यांचे चेहरे परत दिले, तो फिन्सेन यांच्या हृदयाभोवती आणि यकृताभोवती घट्ट होत गेलेल्या आवरणांपर्यंत पोहोचणारच नव्हता. कोपनहेगनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या रूडोल्फ टेग्नर यांच्या शिल्पात प्रकाशाकडे झेपावणाऱ्या मानवी आकृती आहेत.

फिन्सेन यांचे स्पष्टीकरण चुकले होते का?

उपचार खरा होता, पण तो का लागू पडतो याचे उत्तर वेगळे निघाले. अतिनील किरण थेट जिवाणूंना मारतात, अशी साधारण समजूत होती. २००५ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी फिन्सेन यांची जपून ठेवलेली मूळ उपकरणे तपासली. त्यांतून ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण रुग्णापर्यंत जवळपास पोहोचतच नव्हते, असे आढळले. जिवाणू थेट मारणारे अतिनील किरण त्याहून कमी तरंगलांबीचे असतात.

मग रोग बरा कसा झाला? या संशोधकांच्या मते उत्तर जिवाणूच्या पोटातच आहे. क्षयाचा जिवाणू पोर्फिरिन नावाचे रंगद्रव्य तयार करतो. हे द्रव्य जांभळा-निळा प्रकाश शोषते आणि आसपासच्या ऑक्सिजनला अत्यंत क्रियाशील बनवते. तो ऑक्सिजन जिवाणूला आतून जाळतो. फिन्सेन यांचा दिवा हा प्रकाश भरपूर देत होता, आणि रक्त बाजूला सारणारी चकती तो आतपर्यंत पोहोचवत होती. मुरुमांवर निळ्या प्रकाशाचा उपचार याच तत्त्वावर चालतो.

प्रकाश पेशींवर नेमका काय परिणाम करतो?

यातला मुख्य नियम सोपा आहे. पेशीवर प्रकाश पडला म्हणजे परिणाम झाला, असे होत नाही. तो ठरावीक रंग शोषणारा रेणू तिथे असावा लागतो. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे काम वेगवेगळे आहे, काही वेळा अगदी उलट.

अतिनील ब किरण त्वचेतल्या एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार करतात. १९१९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस झालेल्या मुलांची हाडे सुधारतात, हे क्ष-किरण चित्रांतून दाखवले. पण हेच किरण पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड करतात. त्यामुळे पेशींचे विभाजन मंदावते. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी गरजेपेक्षा फार वेगाने वाढत असतात, म्हणून तिथे हे मंदावणे औषध ठरते. त्यासाठी ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा वापरतात. मात्रा चुकली तर तोच प्रकाश त्वचा भाजतो आणि वर्षानुवर्षांच्या अतिरेकाने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

निळा प्रकाश नवजात बाळाच्या त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलतो, मग ते शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. याचा शोध लागला तो इंग्लंडच्या एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात, १९५०च्या दशकात. बाळांना उन्हात नेणाऱ्या तिथल्या परिचारिकेला दिसले की एका बाळाची त्वचा फिकी झाली आहे आणि चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळा उरला आहे. फिन्सेन यांच्या हातावरच्या शाईच्या पट्ट्यानेही हेच केले होते. झाकलेली आणि उघडी त्वचा शेजारी शेजारी ठेवली की प्रकाशाचे काम डोळ्यांना दिसते.

लाल आणि त्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशाची कहाणी १९६०च्या दशकात बुडापेस्टमध्ये सुरू झाली. हंगेरीचे डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी केस काढलेल्या उंदरांवर कमी शक्तीचा लेझर टाकला, तेव्हा तिथले केस लवकर वाढले. पुढे त्यांनी जखमांवरही तो वापरून पाहिला. पेशीतील ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकाँड्रियात असलेले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषते आणि पेशीला अधिक ऊर्जा मिळते, असे स्पष्टीकरण सर्वाधिक मांडले जाते. या उपचाराचा एक महत्त्वाचा गुणधर्म असा की थोडी मात्रा पेशींना चालना देते आणि जास्त मात्रा तीच चालना रोखते. कर्करोगाच्या उपचारांत तोंडात होणाऱ्या वेदनादायक जखमा टाळण्यासाठी अशा प्रकाशाची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केली आहे. पण तिथे तरंगलांबी, शक्ती आणि वेळ ठरलेली असते.

फिन्सेन यांची पद्धत मागे का पडली?

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होऊ लागला. ल्युपससाठी तासन्तास दिव्याखाली पडून राहण्याची गरज उरली नाही. फिन्सेन संस्था कर्करोगाच्या उपचारांकडे वळली आणि पुढे कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटल या मोठ्या रुग्णालयात सामावली. त्वचेचा क्षय भारतात आजही आढळतो. त्यावर उपचार क्षयविरोधी औषधांनीच होतो, प्रकाशाने नाही.

मग आजच्या लाल दिव्यांचे काय?

फिन्सेन यांच्या कामाची एक कसोटी आजही वापरता येते. कोणता रंग, किती तीव्रता, किती वेळ, त्वचेत किती खोलवर आणि कोणत्या आजारासाठी, हे पाच प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी विचारले. रक्त वाटेत येते का, इतके त्यांनी तपासले. घरगुती उपकरणांच्या जाहिरातींत बहुधा यातल्या एक-दोनच प्रश्नांची उत्तरे असतात. एकच दिवा सगळ्या आजारांवर चालतो, असा दावा असेल तर तो प्रकाशाच्या विज्ञानाशी जुळत नाही, कारण प्रत्येक परिणामामागे प्रकाश शोषणारा वेगळा रेणू आणि वेगळी तरंगलांबी असते.

मधुमेही रुग्णाच्या पायावरची न भरणारी जखम, महिनोन्महिने पसरत जाणारा चेहऱ्यावरचा चट्टा किंवा रंग बदलणारा तीळ यांवर घरच्या घरी दिवा लावून वाट पाहिल्यास निदानाला उशीर होतो. अशा वेळी आधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. नवजात बाळाची कावीळही घरातल्या दिव्याने किंवा कोवळ्या उन्हाने उतरेल, या भरवशावर राहू नये. बिलिरुबिन किती वाढले आहे, हे रक्त तपासूनच कळते आणि ते फार वाढल्यास बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते.